वाळूच्या कणाचा बायोडेटा

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. अर्धा मिलिमीटर जाडीचा एक कण धरला आणि कणांमधली पोकळी वजा केली, तर एका ब्रासमध्ये साधारण २६०० कोटी कण बसतात. (हिशोब मीच केलाय, कॅल्क्युलेटर काढून तपासून बघा.) आपण ज्या टू बीएचकेचे हप्ते पुढची वीस वर्षं फेडणार आहोत, त्याच्या भिंतीत, स्लॅबमध्ये आणि प्लॅस्टरमध्ये असे कित्येक ब्रास गेलेले असतात. फ्लॅट बघायला गेल्यावर आपण सिमेंटचा ब्रँड विचारतो, सळई कुठली ते विचारतो, टाइल्स तर दहादा बदलून बघतो. "वाळू कुठली?" असं मात्र कुणी विचारत नाही. समजा विचारलंच, तर साइटवरचा माणूस म्हणणार, "साहेब, नदीची आहे, एक नंबर!"

पण हे उत्तर तपासता येतं का? निव्वळ वाळूचा कण बघून तो नदीचा, समुद्राचा की वाळवंटाचा हे सांगता येतं का? तर येतं, बऱ्यापैकी येतं. आपल्या सर्व्हरवर जशी लॉग फाइल असते, तशी वाळूच्या कणाच्या अंगावर त्याच्या प्रवासाची नोंद असते. ही नोंद वाचायला माणूस कसा शिकला, आणि आमच्या जालना जिल्ह्यात आल्यावर ती विद्या थोडी अडखळते कशी, हा आजचा विषय.

सुरुवात होते इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये. शेफील्ड म्हणजे पोलादाचं गाव, चाकू-सुऱ्या आणि अवजारांसाठी जगभर प्रसिद्ध. (जालनेकरांना हे वर्णन ओळखीचं वाटेल. आपल्याकडेही एमआयडीसीत रोलिंग मिल आणि सळई हाच कारभार.) तिथल्या अवजारं बनवणाऱ्या घराण्यात १८२६ साली हेन्री क्लिफ्टन सॉर्बी जन्मला. घरचं खाऊनपिऊन सुखी, त्यामुळे नोकरी करायची गरज नव्हती. गडी आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला. दगड घासून घासून कागदापेक्षा पातळ करायचा आणि त्यातून प्रकाश सोडून बघायचा हे तंत्र त्याने १८४९ च्या सुमारास दगडांच्या अभ्यासात आणलं. तेव्हाचे बाकीचे लोक हसले म्हणे, डोंगर कधी सूक्ष्मदर्शकाने बघतात का! मग १८६३ मध्ये त्याने तोच सूक्ष्मदर्शक पोलादाकडे वळवला आणि धातूंची अंतर्रचना बघण्याचं शास्त्रच सुरू झालं. पोलादातल्या एका रचनेला 'सॉर्बाइट' हे नाव त्याच्यावरूनच पडलं.

म्हणजे काँक्रीटमधली सळई आणि त्याच काँक्रीटमधली वाळू, दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा नीट वाचणारा माणूस एकच!

लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचा अध्यक्ष असताना १८८० साली सॉर्बीने जे भाषण केलं, त्यात त्याने वाळूच्या कणांचे पाच प्रकार पाडले. खडकातून नुकताच सुटलेला, कंगोरे शाबूत असलेला कण. झिजून गोल झालेला कण. ठोकर बसून फुटलेला, टोकदार कण. रसायनांनी खाल्लेला कण. आणि ज्याच्यावर नव्याने क्वार्ट्‌झ साठून पुन्हा स्फटिकाचे पैलू आलेत असा कण. आज वाचताना हे साधं वाटतं. पण त्यामागचा विचार मोठा आहे. कणाचं खनिज बघितलं की त्याचं 'गाव' कळतं, आणि कणाचं अंग बघितलं की त्याचा 'प्रवास' कळतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या वाचायच्या असतात. बायोडेटात नाही का, जन्मगाव एका ओळीत आणि अनुभव दुसरीकडे.

'गाव' शोधण्याचा सगळ्यात थरारक किस्सा दुसऱ्या महायुद्धातला आहे. नोव्हेंबर १९४४ पासून जपानने बॉम्ब लटकवलेले हजारो कागदी फुगे वाऱ्यावर सोडले. पॅसिफिक महासागर ओलांडून त्यातले काही अमेरिकेत पोचले. फुग्यांची उंची राखायला वजन म्हणून वाळूच्या पिशव्या बांधलेल्या होत्या. अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञांच्या लष्करी तुकडीने ती वाळू मागवली. त्यात प्रवाळाचे तुकडे नव्हते, म्हणजे दक्षिणेचा उबदार किनारा बाद. विशिष्ट जातीचे सूक्ष्म शंख आणि डायटम होते, ठराविक खनिजं होती. असं एकेक गाळत त्यांनी होन्शू बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मोजक्या जागांवर बोट ठेवलं. त्यातलं इचिनोमिया हे खरोखरच फुगे सोडण्याचं ठिकाण निघालं. पिशवीभर वाळूने अख्ख्या लष्कराचं गुपित फोडलं!

'प्रवास' वाचायला मात्र जरा वेळ लागला. साध्या सूक्ष्मदर्शकाला मर्यादा आहेत. कण उंचसखल असतो, एक भाग फोकसमध्ये आणला की दुसरा धूसर होतो. १९६२ साली डेव्हिड क्रिन्स्ली आणि तारो ताकाहाशी यांनी 'सायन्स'मध्ये एक निबंध छापला. त्यांनी कणाच्या पृष्ठभागाचा ठसा घेऊन तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला आणि दाखवलं की वारा, लाटा आणि हिमनदी आपापल्या खुणा वेगवेगळ्या सोडतात. मग १९६५ मध्ये केंब्रिज इन्स्ट्रुमेंट कंपनीने 'स्टिरिओस्कॅन' बाजारात आणला. हा पहिला व्यापारी स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, म्हणजे एसईएम. त्यामागे होते केंब्रिजच्या इंजिनियरिंग विभागातले चार्ल्स ओटली आणि त्यांचे विद्यार्थी. (इंजिनियर लोकांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही :)) आता ठसा घ्यायची भानगड संपली. कणावर सोन्याचा अतिपातळ मुलामा द्यायचा, इलेक्ट्रॉनचा झोत त्यावरून ओळीओळीने फिरवायचा, बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनवरून चित्र उभं करायचं. २००० पट मोठा केला की अर्ध्या मिलिमीटरचा कण एक मीटर रुंद होतो. त्यावर दऱ्या दिसतात, कडे दिसतात, ओरखडे दिसतात. १९७३ मध्ये क्रिन्स्ली आणि जॉन डूर्नकॅम्प यांनी अशा चित्रांचा ॲटलासच काढला.

थोडक्यात सांगायचं तर त्या ॲटलासमधली भाषा अशी आहे:

वाळवंटातला कण गोल असतो आणि घासलेल्या काचेसारखा निस्तेज दिसतो. हवेत दोन कण आपटताना मध्ये काही गादी नसते, टक्कर थेट बसते. डच शास्त्रज्ञ कुएनन यांनी १९६० मध्ये प्रयोग करून दाखवलं की तेवढ्याच अंतरात नदीपेक्षा वारा कणाला १०० ते १००० पट जास्त झिजवतो. म्हणूनच वाळवंटाची वाळू इतकी गोलगुळगुळीत होते की काँक्रीटला उपयोगी पडत नाही.

लाटांच्या किंवा जोरदार प्रवाहाच्या पाण्यातल्या कणावर इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे बारीक खड्डे असतात. पाण्यामुळे टक्कर मऊ होते, पण हजारो वेळा होते. हिमनदीखालचा कण भरडलेला असतो. फुटलेल्या काचेच्या बाटलीसारखे शंखाकृती तुकडे उडालेले, पायऱ्या पडलेल्या, समांतर ओरखडे. आणि ज्या कणावर रसायनांनी काम केलंय, त्यावर कोरलेले छोटे त्रिकोणी खड्डे किंवा सिलिकाचे थर.

आता तुम्ही म्हणाल, मग झालं की, एक कण घ्या आणि सांगा! तसं नाही. एकाच कणाने तीन-तीन नोकऱ्या केलेल्या असतात, आधी हिमनदी, मग नदी, मग किनारा. नवीन खुणा जुन्यांवर चढतात. काही खुणा दोन वेगळ्या कारणांनीही होतात. त्यामुळे डझनावारी कण बघायचे, कुठली खूण किती टक्के कणांवर आहे ते मोजायचं आणि मग मत द्यायचं, अशी पद्धत आहे. एका लॉग लाइनवरून आपण तरी बग ठरवतो का?

आता जालन्याकडे येऊ.

हा सगळा ॲटलास एका खनिजावर उभा आहे: क्वार्ट्‌झ, म्हणजे आपली गारगोटी. क्वार्ट्‌झ कठीण असतो (मोह्‌सच्या मापावर ७), त्याला ठराविक फटीवर फुटायची सवय नसते, आणि पाण्याने तो सहजी कुजत नाही. म्हणून त्याच्यावरची नोंद टिकते. पण जालना जिल्हा पूर्णपणे दख्खनच्या काळ्या पाषाणावर, बेसॉल्टवर बसलाय. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचलेला हा लाव्हा, आणि त्यात क्वार्ट्‌झचे कण जवळपास नसतातच. गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगवते, तिथपासून नाशिक, पैठण, आणि पुढे अंबड, घनसावंगी, परतूर या आपल्या तीन तालुक्यांच्या कडेकडेने नांदेडपर्यंत जवळपास सगळी बेसॉल्टवरूनच वाहते. ग्रॅनाइटचा प्रदेश त्यापुढे लागतो, आणि प्राणहिता तर त्याहून पुढे येऊन मिळते. भरपूर क्वार्ट्‌झवाली वाळू गोदेला तिथे मिळते.

मग शहागडच्या पुलाखालच्या वाळूत काय असतं? बेसॉल्टचे काळे-करडे तुकडे, फेल्स्पार, पायरॉक्सिन आणि लोहचुंबकाला चिकटणारे मॅग्नेटाइटचे कण. (घरात जुना स्पीकर असेल तर त्यातलं मॅग्नेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोरड्या वाळूतून फिरवा. काळी मिशी उगवते.) ही खनिजं नाजूक प्रकृतीची. अमेरिकन शास्त्रज्ञ सॅम्युएल गोल्डिच यांनी १९३८ मध्ये खनिजांचा एक क्रम लावला: कोण लवकर कुजतं, कोण उशिरा. ऑलिव्हिन आणि पायरॉक्सिन पहिल्या रांगेत, क्वार्ट्‌झ सगळ्यात शेवटी. म्हणजे आमच्याकडचा कण तारुण्यातच जातो. आणि जातो कुठे? त्याची चिकणमाती होते. मराठवाड्याची काळी माती, जिच्यात कापूस येतो आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ती म्हणजे संपलेला बेसॉल्ट. त्याचा सगळा बायोडेटा त्या काळ्या मातीत विरघळलेला आहे.

पूर्ण निराशा नको. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत नंतर पाण्याने सिलिका आणून भरली. त्याचे अकीक, कॅल्सिडोनी, जास्पर असे दगड झाले. क्वार्ट्‌झच्याच घरातली ही मंडळी, आणि खडक कुजला तरी ती शिल्लक राहतात. नांगरलेल्या शेतात पावसानंतर चमकतात ती हीच. भोकरदनला, म्हणजे सातवाहन काळातल्या भोगवर्धनला, १९७३ च्या सुमारास शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झालं, त्यात अशाच दगडांचे मणी निघाले. टिकणारा दगड कुठला आणि कुजणारा कुठला, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराला गोल्डिच न वाचता कळत होतं.

बेसॉल्टच्या कणालाही बोलतं करता येतं, फक्त प्रश्न वेगळा विचारावा लागतो. याचं उत्तम उदाहरण आमच्या मंठा तालुक्याच्या शेजारी आहे, बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार. १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर ज्वालामुखीचं आहे की उल्केचं, यावर कित्येक दशकं वाद चालला. सगळीकडे लाव्हाच पसरलेला, त्यामुळे ज्वालामुखी म्हणणाऱ्यांची बाजू वरवर बळकट. निकाल लावला तो कणांनी. १९७३ मध्ये कर्ट फ्रेड्रिकसन आणि त्यांच्या अमेरिकन-भारतीय सहकाऱ्यांनी तळ्याखाली छिद्रं घेऊन काढलेले नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यात मास्केलिनाइट सापडलं. म्हणजे न वितळता, फक्त प्रचंड आघाताच्या दाबाने काच झालेला फेल्स्पार. कुठल्याही ज्वालामुखीला असा दाब निर्माण करता येत नाही. वाद मिटला. वय मात्र अजून पूर्ण सुटलेलं नाही. एका पद्धतीने सुमारे ५० हजार वर्षं आलं होतं, तर २०११ मधल्या आरगॉन पद्धतीने सुमारे ५.७ लाख वर्षं आलं.

गंमत म्हणजे हे मास्केलिनाइट पहिल्यांदा ओळखलं गेलं तेही भारतात पडलेल्या दगडात. १८६५ साली बिहारमध्ये गयेजवळ शेरघाटीला एक उल्का पडली. पुढे शंभरेक वर्षांनी कळलं की ती मंगळावरून आली होती. मंगळाचा पृष्ठभागही बेसॉल्टचाच, आणि तिथली वाळूही बेसॉल्टची! क्युरिऑसिटी यानाने २०१५ च्या शेवटापासून तिथल्या 'बॅग्नोल्ड' टेकड्यांवरची काळी वाळू जवळून बघितली. हे नाव वाऱ्यावर उडणाऱ्या वाळूचं भौतिकशास्त्र १९४१ मध्ये लिहून ठेवणाऱ्या राल्फ बॅग्नोल्ड यांचं. ही वाळू वाचायची तर क्वार्ट्‌झचा ॲटलास पुरत नाही, बेसॉल्टचा कण कसा झिजतो हे माहीत असावं लागतं. म्हणजे गोंदीच्या वाळूची जवळची नातेवाईक चौपाटीवर नाही, मंगळावर आहे.

असो. आता जरा कटू विषय.

वाळूबद्दल आपली सर्वसाधारण समजूत अशी की दर पावसाळ्यात पूर येतो आणि नवीन वाळू घेऊन येतो, त्यामुळे उपसली तरी बिघडत नाही. वरचं सगळं वाचल्यावर ही समजूत जरा तपासून बघा. जालन्यातल्या गोदावरीला वाळू कुठून यायची? नाशिक आणि अहिल्यानगरकडच्या पाणलोटातून. त्या वाटेवर पैठणला जायकवाडी धरण आहे. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, १९७६ मध्ये ते पूर्ण झालं. धरणाच्या स्थिर पाण्यात जड वाळू सगळ्यात आधी खाली बसते, पुढे जातं ते पाणी आणि बारीक गाळ. त्याखाली जोगलादेवी, राजाटाकळी, लोणी सावंगी असे बंधारे झाले. बीडच्या बाजूने येणाऱ्या सिंदफणेवर माजलगावचं धरण आहे. उरले आपले स्थानिक ओढे-नाले. ते आणणार तो कुजका बेसॉल्ट, ज्याची वाळू थोडी आणि चिकणमाती जास्त.

धरणांनी मराठवाड्याला पाणी दिलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण हिशोब तर मांडला पाहिजे. पात्रातली वाळू हे व्याज नाही, जुनी मुदत ठेव आहे. ती आपण केनी लावून, बोटी लावून, रात्री-बेरात्री हायवा भरून मोडतोय. ही ठेव नुसती पडून नसते. पात्रातली वाळू स्पंजासारखं पाणी धरते आणि काठच्या विहिरींना उन्हाळ्यात पुरवते. वाळू गेली की काठच्या गावांच्या विहिरींचा हा आधार जातो, आणि पात्रातल्या खड्ड्यांचा अंदाज न येऊन माणसं, जनावरं बुडतात ते वेगळंच. याच नदीच्या दुसऱ्या टोकाला, आंध्रच्या त्रिभुज प्रदेशात, समुद्र किनारा खातोय आणि त्याचं कारण धरणांत अडकलेला गाळ आहे, असं आंध्र विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ साली 'करंट सायन्स'मध्ये मांडलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ च्या दीपक कुमार प्रकरणात पाच हेक्टरपेक्षा लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं सांगितलं. कायदा आहे. अंमलबजावणी कशी होते ते तुम्ही पेपरात वाचताच.

पर्याय म्हणून आता क्रशरची वाळू आहे, एम-सँड. 'आयएस ३८३' या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीने काँक्रीटसाठी तिला रीतसर जागा दिली. दगड तोच, आपला बेसॉल्ट. सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तर हा कण सॉर्बीच्या तिसऱ्या प्रकारातला: ठोकर बसून फुटलेला, कंगोरे टोकदार, अंगावर प्रवासाची एकही खूण नाही. आपल्या भाषेत फ्रेशर! बऱ्याच मिस्त्रींची तक्रार असते की या वाळूचं प्लॅस्टर हाताला खरखरीत लागतं, पाणी जास्त मागतं. कारण हेच, कंगोरे. म्हणून चांगल्या प्लांटमध्ये व्हीएसआय नावाचं यंत्र असतं, त्यात दगडावर दगड जोरात आपटवून कंगोरे मोडतात. नदी जे काम कित्येक शतकं सावकाश करते, तेच काम काही सेकंदांत उरकायचं. नीट केलेली असेल तर या वाळूच्या काँक्रीटची ताकद कमी नसते. हे मी नाही, चाचण्या सांगतात. बिल्डरकडे रिपोर्ट मागा, तो तुमचा हक्क आहे.

डोंगर फोडूनच ही वाळू होते, म्हणजे तीही फुकट नाही. पण निदान तिथे काय संपतंय ते डोळ्यांना दिसतं, मोजता येतं. नदीच्या बाबतीत पाणी वर आलं की सगळं झाकलं जातं आणि आपण समजतो की ठेव पुन्हा भरली.

तेव्हा पुढच्या विकांताला फ्लॅट बघायला जाल तेव्हा एक प्रश्न जास्त विचारा: "वाळू कुठली?" उत्तर "नदीची, एक नंबर" असं आलं, तर लगेच खूश होऊ नका. कुठली नदी, कुठला घाट, वाहतुकीची पावती आहे का, तेही विचारा. सॅम्पल फ्लॅटच्या कोपऱ्यात ढीग पडलेला असेल तर चिमूटभर तळहातावर घेऊन बघा. काळे तुकडे, एखादा लालसर जास्पर, मधेच चमकणारा कॅल्सिडोनीचा कण दिसला, तर तो आमच्याकडचा असू शकतो. एवढ्या लांबून आलाय बिचारा, निदान त्याचं गाव तरी विचारावं.